बिनखोक्याच्या बाटल्या

"अण्णा, बाटल्यांची खोकी कुठं आहेत?"

माझा पहिलाच प्रश्न हा होता आणि तिथं जमलेल्यांपैकी कुणालाही तो आवडला नाही.

भूपालअण्णा उपाध्ये नुकतेच होडीतून उतरून, चिखल तुडवत माळावर आले होते. पायजमा मांडीपर्यंत चिखलानं माखलेला. दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली थर्माकोलची पेटी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं. आत बर्फाच्या पिशव्यांच्या मध्ये इन्सुलिनच्या बाटल्या दाटीवाटीनं उभ्या होत्या. आमचे डॉक्टर मोमीन खुर्चीतून उठले आणि त्यांनी अण्णांना मिठीच मारली. दारात उभ्या असलेल्या कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला.

"भिजली," अण्णा म्हणाले. "पुठ्ठाच तो. लगदा झाला, म्हणून सोलून टाकली."

"आणि फ्रिज?"

"दुकानाचा खालचा मजला गेला. पण इन्सुलिनचा फ्रिज मी पाणी चढायच्या आधीच वर नेलेला. जनरेटर लावलेला. क्षणभरसुद्धा थंडी तुटली नाही."

"मॅडम," डॉक्टर मोमीन मला म्हणाले, "त्यांना आधी चहा तरी द्या."

मी चहा सांगितला.

ही महापुराच्या वर्षाची गोष्ट. कृष्णेचं पाणी आमच्या आरोग्य केंद्राच्या छपराला लागलं आणि खालच्या गावांतली माणसं माळेवाडीच्या माळावर आली. कुणी शाळेत, कुणी समाजमंदिरात, कुणी कुणाच्या गोठ्यात. मी त्या केंद्राची औषधनिर्माण अधिकारी, भारती मगदूम. वाचवता आली तेवढी औषधं ट्रॅक्टरमध्ये घालून आम्ही माळावरच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आणली होती. मालकानं एक थंड खोली रिकामी करून दिली. तिथून आसपासच्या सगळ्या शिबिरांना औषधं पाठवायची हे माझं काम. दिवसभर त्या खोलीत आतबाहेर करून माझ्या साडीला, केसांना बेदाण्याचा गोडसर वास लागला होता.

मी मुळात संशयी नव्हते. मला संशयी केलं ते मदतीनं. पहिल्या काही दिवसांतच खोक्यांवर खोकी यायला लागली. बॅनर लावून गाड्या यायच्या, माणसं उतरायची, माझ्या हातात खोकं देताना फोटो काढायची आणि निघून जायची. खोकं उघडावं तर आत मुदत संपलेलं खोकल्याचं औषध. अर्ध्या वापरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, नाव फाटलेल्या. एका खोक्यात वरच्या थराला पॅरासिटामॉल होतं आणि खाली सगळी केसांना लावायची मेंदी. कुणाच्या तरी गोदामातली अडगळ महापुराच्या निमित्तानं आमच्या दारात रिकामी होत होती. खरं लागत होतं ते मात्र येत नव्हतं. रस्ते बंद, जिल्ह्याची औषधांची गाडी कुठंतरी अडकलेली. इन्सुलिनवर असलेली माणसं रोज येऊन माझ्या तोंडाकडं बघत उभी राहायची.

अशा वेळी अण्णा आले. नदीकाठच्या पेठेत त्यांचं औषधांचं मोठं दुकान होतं. आसपासची लहान दुकानं त्यांच्याकडूनच माल उचलायची. अण्णांनी दिलेलं औषध म्हणजे डोळे झाकून घ्यायचं, असं लोक म्हणत.

सगळे गेल्यावर मी बाटल्या थंड खोलीत लावायला घेतल्या आणि मला पहिला खडा लागला. फ्रिज वरच्या मजल्यावर होता. पाणी वर पोचलं नव्हतं. मग फ्रिजमधली खोकी भिजली कशी?

एक बाटली मी दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू फिरवली. हे मिश्र इन्सुलिन फिरवलं की दुधासारखं एकसारखं व्हायला हवं. झालंही. पण काचेच्या आतल्या बाजूला बारीक कण चिकटून राहिले, रव्याचे असावेत तसे. दुसरी फिरवली, तिच्यात कमी होते. तिसरीत होते की नव्हते, सांगता येईना.

इन्सुलिन थंड लागतं, पण ते गोठलेलं चालत नाही. एकदा गोठलं की परत वितळलं तरी उपयोग नाही. त्याचा गुण गेलेला असतो. वाईट हे की, बाटली बाहेरून बहुतेक तशीच दिसते.

मी बाटली घेऊन डॉक्टरांकडं गेले. त्यांनी ती दिव्यासमोर धरली, चष्मा काढून बघितली, लावून बघितली.

"मॅडम, चाळिशी लागल्यापासून मला सगळ्याच बाटल्यांत कण दिसतात."

"सर, हे गोठलेलं असावं असं मला वाटतंय."

"वाटतंय?"

"खोकी भिजल्याचं ते सांगतात ते जुळत नाही."

डॉक्टर मोमीन भला माणूस. रागावले नाहीत. खुर्चीत मागं टेकून म्हणाले, "हे बघा, माणसं इन्सुलिनवाचून आहेत. नाही दिलं तर काय होईल ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही. दिलं तर काय होईल, हा तुमचा नुसता अंदाज आहे. आणि समोर माणूस कोण आहे? भूपालअण्णा. द्या वाटून."

त्यांचं चुकत नव्हतं. माझ्याकडं कणांशिवाय काही नव्हतं. बाटल्या वाटल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णा परत आले. जैन बस्तीच्या, म्हणजे मंदिराच्या, मागच्या खोलीत त्यांची आणि त्यांच्या पत्नीची, पद्माक्कांची, सोय झाली होती. मला वाटलं, सहज आले असतील.

"अण्णा, खोकी नेमकी कुठं भिजली?"

"होडीत. पाणी येतंय की होडीत."

"सकाळी बहुतेक वाटप झालं."

"किती राहिलंय?"

"थोडं आहे."

त्यांनी मान हलवली आणि ते शाळेतल्या शिबिराकडं गेले. मी खिडकीतून बघत राहिले. ते एकेका वर्गात शिरत होते. इन्सुलिन घेणाऱ्या माणसांजवळ उकिडवं बसून काहीतरी विचारत होते. तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही. किती राहिलंय, कुणाकुणाला दिलं, आणि मग शिबिरात फेरी. औषध दान करून माणूस मोकळा होतो. हा माणूस मोकळा का होत नाही? आपण दिलेला माल कुठं कुठं पोचला याची एवढी चौकशी कशाला?

मी शाळेत जाऊन एका बाईला विचारलं, "अण्णा काय विचारत होते?"

"बरं वाटतंय का म्हणून इचारत हुते. चांगला माणूस. रोज येत्यात."

तिचं ते चांगला माणूस म्हणणं ऐकूनही मला बरं वाटलं नाही. माझ्या डोक्यात एकच बसलं होतं. पुरात वाया गेलेला माल ह्यांनी आमच्या गळ्यात मारलाय आणि बोभाटा होतोय का, हे बघायला रोज येतायत.

मग गुरवमामा आले. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. आवाज सगळ्या माळाला ऐकू जाईल असा.

"ओ मॅडम! हे इंजेक्शन हाय का पाणी हाय?"

"काय झालं?"

"टोचून टोचून दंडाची चाळण झाली. साखर उतरंना. रात्रभर उठतोय, ढोसतोय पाणी, जातोय बाहेर. पुरातनं वाचलो आणि ह्यात मरतो की काय!"

शिबिरातली परिचारिका मागंच उभी होती. ती म्हणाली, "मामा, सकाळी शिरा, दुपारी बुंदी, मधे बिस्किटं. कुणी काही वाटलं की तुम्ही पुढं. साखर उतरणार कशी?"

लोक हसले. डॉक्टरही हसले. आणि ते खरंच होतं. मदतीला येणारं सगळं गोडच होतं. इन्सुलिनवरच्या सगळ्यांचीच साखर वर होती आणि सगळेच शिरा खात होते. माझा संशय कुठं टेकवावा, तेच कळेना.

मी नदीकडं गेले. अण्णांना आणणारा होडीवाला जोतीराम कोळी काठावर विडी ओढत बसला होता.

"जोतीराम, अण्णांना आणलंस त्या दिवशी होडीत पाणी आलं होतं का रे?"

"माझ्या होडीत?" तो दुखावला. "मॅडम, बाळंतिणी आणल्यात मी ह्या होडीतनं. एक थेंब येऊ दिला न्हाई. अण्णा तर दोन रेनकोट पांघरून, पेटी मांडीवर घेऊन बसलेते. पोर घेऊन बसावं तसं."

"पेटीत खोकी होती का?"

"उघडी कुठं केली? पर घरातनं निघताना जिन्यात पुठ्ठ्याचा ढीग पडलेला बघितला मी. ओला. मी म्हटलं, अण्णा, ह्ये काय? तर म्हणले, चल, चल."

अण्णा त्या दिवशी आले तेव्हा मी दार लावून घेतलं.

"अण्णा, सरळ विचारते. हे औषध गोठलं होतं का?"

त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. समोरचा चहाचा कप त्यांनी बाजूला सारला.

"चाळीस वर्षं औषधं विकतोय मी. तुमच्या जन्माआधीपासून. मला तुम्ही शिकवणार, काय गोठतं नि काय वितळतं?"

"शिकवत नाही. विचारतेय."

"माझं दुकान गेलं, मॅडम. कपाटं, माल, फर्निचर, सगळं. हातात उरलं तेवढं तुम्हाला आणून दिलं. घरी ठेवून घेतलं असतं तरी कोण विचारणार होतं?"

ते उठून गेले. दार उघडंच राहिलं. बाहेर उभ्या असलेल्या डॉक्टर मोमीननी माझ्याकडं बघितलं आणि ते आपल्या कामाला गेले. त्या नजरेनं मला जास्त लागलं. अण्णांनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. एवढं मात्र माझ्या लक्षात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी छाया कांबळे, आमची आशा ताई, धापा टाकत आली.

"मॅडम, बस्तीतल्या अक्कांनी बोलावलंय. लगेच. आणि अण्णांना कळू द्यायचं न्हाई म्हणल्यात."

अण्णा त्या वेळी नेहमीप्रमाणं शाळेत होते. मी मागच्या वाटेनं बस्तीकडं गेले. वाटेत नाना शंका येत होत्या. तोंड बंद ठेवा म्हणून सांगायला बोलावलं असेल, रडून गयावया करायला बोलावलं असेल. मी मनात उत्तरंही तयार करत होते.

खोलीत पाऊल टाकलं आणि ती उत्तरं विसरले. पद्माक्का सतरंजीवर कुशीवर पडल्या होत्या. उशाशी पाण्याचा तांब्या, पलीकडं घमेलं, त्यात उलटी. ओठ सुकून भेगाळलेले. श्वास भरभर चाललेला. तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता, साखर फार चढली की येतो तो.

"दार लोट, पोरी."

"अक्का, तुम्हाला काय होतंय? मी डॉक्टरांना..."

"आधी ऐक. मग बोलाव." त्यांनी माझं मनगट धरलं. "तू त्यांना विचारलंस ना, गोठलं होतं का म्हणून?"

"हो."

"काय म्हणाले?"

"चिडले."

"माझ्यावरपण चिडले." त्या पाणी प्यायल्या. "वरचा जनरेटर बंद पडला बघ. कोपऱ्यावर एक आइसक्रीमवाला आहे, त्याचं दुकान उंचावर. त्याचा मोठा फ्रीजर चालू होता. बाटल्या त्यात ठेवून आले. म्हणाले, घटकाभर ठेवतो, तोवर जनरेटर दुरुस्त होतोय. आणि पाणी चढलं. परत जाऊन आणायला दुसरा दिवस उजाडला. घरी आले ते पाठमोरे बसून खोकी सोलत राहिले. ओलीचिंब खोकी. मी म्हटलं, गोठलं तर नाही ना हो? म्हणाले, छे, वरवरचं दव आहे. पण माझ्याकडं बघून म्हणाले नाहीत."

"मग तुम्ही..."

"मी काय करू? लग्न होऊन दुकानावर आले तेव्हापासून ह्या माणसानं वजनात, मुदतीत, कशात खोट केलेली मला माहीत नाही. नुसत्या संशयावर त्यांचं नाव घेऊ?"

उशीखाली हात घालून त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. इन्सुलिनची बाटली होती. खोक्यासकट.

"ही माझी. पुराआधीची. अर्धी आहे. ही मी लपवली आणि त्यांना सांगितलं, माझं औषध संपलं. आता त्यातलंच आणा, लोकांना दिलंत त्यातलं. मला तेच टोचतात, लग्नानंतर साखर निघाली तेव्हापासून. दुसऱ्या कुणाच्या हातनं मी घेतलेलं नाही." बाहेर बस्तीतली घंटा कुणीतरी वाजवली. "मला वाटलं, आता तरी सांगतील. नाही सांगितलं तरी, मला टोचताना हात थांबेल."

"आणि?"

"टोचलं की. रोज टोचतायत. सकाळी, आणि दिवस बुडायच्या आत जेवते तेव्हा."

मी म्हणाले, "म्हणजे त्यांना खात्री असेल, अक्का. खात्री असल्याशिवाय कोण टोचेल?"

"असेल. मीपण तसंच धरलंय." त्यांचे डोळे मिटायला लागले होते. "दुसरं काही असेल तर ते मला नको. तुला विचारायचं तर विचार त्यांना. पण काय म्हणाले ते मला सांगू नकोस. आता बोलाव डॉक्टरला. लोकांना तेच टोचत असतील, पोरी."

मी साखर मोजायचं यंत्र पिशवीतून काढलं. त्यांच्या बोटातून रक्त यायलाही वेळ लागला. यंत्रावर आकडा आलाच नाही. साखर मोजण्याच्या पलीकडं गेली की त्यावर नुसती इंग्रजी अक्षरं येतात, ती आली. छायाला मी डॉक्टरांकडं पळवलं.

डॉक्टर मोमीन आले. आल्या आल्या त्यांनी तो वास ओळखला, अक्कांना सलाईन लावलं आणि माझ्याकडं हात केला. मी अक्कांची ती फडक्यातली बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी खोकं बघितलं, बाटली फिरवली, दिव्यासमोर धरली. मग खिडकीत ठेवलेली, अण्णा रोज टोचत होते ती बिनखोक्याची बाटली उचलून शेजारी धरली. या वेळी चाळिशीची गंमत त्यांनी केली नाही.

इंजेक्शन भरत असतानाच अण्णा दारात आले. कुणीतरी त्यांना शाळेत जाऊन सांगितलं असावं.

"काय झालं? ही... ही बाटली कुठली?"

अक्कांनी डोळे न उघडता उत्तर दिलं. "माझी."

अण्णांनी त्या बाटलीकडं बघितलं, खोक्याकडं बघितलं. खिडकीतल्या बाटलीकडं बघितलं. त्यांना एकही शब्द समजावून सांगावा लागला नाही. ते उंबऱ्यातच खाली बसले, चपला पायातच ठेवून.

आम्ही दर थोड्या वेळानं साखर मोजत राहिलो. संध्याकाळी यंत्रावर पहिल्यांदा आकडा आला. मोठाच होता, पण आकडा होता. पुढच्या वेळी तो कमी झाला. डॉक्टर बाहेर येऊन भिंतीला टेकले. त्यांनी माझी माफी वगैरे मागितली नाही आणि मलाही ती नको होती.

"सगळ्या बाटल्या परत घ्यायच्या, मॅडम," ते म्हणाले. "एक पण बाहेर राहता कामा नये."

नशीब असं की, जिल्ह्याची गाडी विट्याच्या बाजूनं फिरून दुसऱ्या दिवशी सकाळीच पोचली. नवीन इन्सुलिन हातात आलं. मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत थंड पेट्या चढवत होते, तेव्हा अण्णा येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"मी येतो."

"नको, अण्णा. आम्ही जाऊ."

"मी येतो," ते परत म्हणाले आणि ट्रॉलीत चढले.

बाटल्या परत घेणं वाटण्यापेक्षा अवघड निघालं. लोकांनी त्या जिवापाड जपल्या होत्या. कुणी माठाच्या बुडाशी वाळूत, कुणी ओल्या रुमालात. आम्ही म्हणायचो, ही द्या, ही नवी घ्या. आणि लोकांच्या डोळ्यांत मला माझाच संशय दिसायला लागला. चांगलं कशाला काढून घेतायत? कुणा साहेबाच्या घरी जाणार? नवं तरी कसलं आहे कुणास ठाऊक.

शाळेत गुरवमामांनी बाटली दोन्ही हातांत धरून पाठीमागं लपवली.

"देत न्हाई जा."

"मामा, तुम्हीच म्हणालात ना, हे पाणी आहे म्हणून?"

"म्हणलो. तवा तुम्ही सगळी हसलासा. शिरा खातोय म्हणलासा. आता काय झालं? आता का गोड लागाय लागलं हे? कुणाला विकायचं हाय, सांगा की!"

गर्दी जमली. कुणीतरी मागून "खरं हाय, खरं हाय" म्हणालं. मी बोलायला गेले, माझा आवाज बुडाला. परिचारिका बोलायला गेली, तिचाही. लोक पुढं सरकायला लागले.

तेव्हा अण्णा बाकावर चढले. शाळेतला लहान पोरांचा बाक, त्यांच्या वजनानं करकरला.

"हे औषध माझं आहे," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण लोक गप्प झाले. "मी आणलं, मी दिलं. ते गोठलेलं होतं. खोकी ओली झाली ती त्यामुळंच. मी ती फेकून दिली आणि ह्या मॅडमना सांगितलं, होडीत भिजली. ह्यांनी मला तोंडावर विचारलं, मी ह्यांच्यावर ओरडलो. माझ्या बायकोला हेच टोचलं. काल ती मरता मरता वाचली. हे पाणी आहे, गुरवमामा. तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. द्या ते इकडं."

गुरवमामांनी त्यांच्याकडं टक लावून बघितलं. मग पाठीमागचा हात पुढं केला आणि बाटली त्यांच्या तळहातावर ठेवली. पण शिवी हासडल्याशिवाय ठेवली नाही. अण्णांनी ती शिवी मान खाली घालून घेतली.

बाकीच्या शिबिरांत अण्णा आधीच ट्रॉलीतून उतरायचे आणि तेच सगळं पहिल्यापासून सांगायचे. प्रत्येक ठिकाणी. वाढवून नाही, कमी करून नाही. कुठं लोक गप्प राहिले, कुठं त्यांच्या अंगावर धावून आले. एका म्हातारीनं फक्त विचारलं, "आणि तुझी बायकू बरी हाय न्हवं?"

परतताना ट्रॉलीत आम्ही दोघंच होतो. गोळा केलेल्या बाटल्यांची पेटी अण्णांच्या पायाशी होती. दोन्ही बाजूंना पाणी ओसरलेली, चिखलानं राखाडी झालेली उसाची शेतं. मी विचारणार नव्हते. अक्कांचा शब्द मनात होता. पण तो प्रश्न माझ्याही छातीवर बसला होता आणि आता नाही विचारलं तर पुन्हा कधी विचारता येणार नव्हतं.

"अण्णा, अक्कांना टोचताना तुम्हाला माहीत होतं?"

ट्रॅक्टरच्या आवाजात त्यांना ऐकूच गेलं नाही असं मला वाटलं. माळाचा चढ लागला. मग ते बोलले, समोर बघत.

"माहीत करून घ्यायचं नव्हतं मला. शिबिरात रोज हिंडत होतो, कुणीतरी सांगावं, बरं वाटतंय. एक जरी ठाम म्हणाला असता तर मी... सगळे म्हणायचे, जरा जरा. बरं, जरा जरा. तेवढ्यावर मी दिवस काढत होतो. तिला टोचताना मी बाटलीकडं बघायचो नाही, मॅडम. तिच्याकडंपण बघायचो नाही."

"आणि अक्कांना काही झालं नसतं तर?"

"तर मी आजपण गप्पच असतो."

आता ते दोघंही नाहीत, म्हणून हे सांगतेय. त्यांच्यामागं लोक त्यांची वेगवेगळी आठवण काढतात. कुणाला त्यांनी पेटी पोटाशी धरून आणली ते आठवतं, कुणाला ते बाकावर उभे राहिले ते. मला त्या दिवशीची संध्याकाळ आठवते.

नवी बाटली द्यायला मी बस्तीच्या खोलीवर गेले. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. सलाईन काढलं होतं. अण्णा माझ्या मागून आत आले आणि कोपऱ्यात उभे राहिले. अक्कांनी माझ्या चेहऱ्याकडं बघितलं. मी विचारलंय हे त्यांना कळलं. मी बाटलीचं खोकं फोडायला घेतलं आणि त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. काय म्हणाले, असं त्यांनी विचारलं नाही.

"दंडात टोचताय का मॅडम, का पोटात?" अण्णा म्हणाले. "दंड दुखतोय तिचा."

"ह्या पोरीला कशाला सांगताय?" अक्का म्हणाल्या. "तुम्ही टोचा."

मी बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती फिरवली, खिडकीतल्या उजेडाकडं धरून खूप वेळ बघितली. सुईत औषध भरलं. अक्कांनी पदर बाजूला करून दुसरा दंड पुढं केला. अण्णा खाली बसले आणि सुई हातात धरून तसेच राहिले. हात पुढं जात नव्हता. एकदा त्यांनी माझ्याकडं बघितलं, एकदा बाटलीकडं.

खिडकीबाहेर ऊन उतरून भिंतीवर पिवळं झालं होतं.

"टोचा की हो," अक्का म्हणाल्या. "दिवस बुडायला आला. मला जेवायचंय."